विहिणीचं नाव

गाण्याच्या बाबतीत मी औरंगजेब आहे, हे आमच्या घरात सर्वांना मान्य होतं. माझं माहेर मिरजेचं. मिरजेच्या माणसाला गाणं कळू नये म्हणजे मालवणच्या माणसाला मासे चालू नयेत तसं आहे, असं माझा नवरा पाहुण्यांना सांगायचा आणि पाहुणे हसायचे. त्याचं म्हणणं खरंच होतं. मराठी मंडळाच्या मैफिलींना मी जायचे ती चहा आणि साबुदाणावड्यांची व्यवस्था बघायला. पुढे माना डोलत असायच्या तेव्हा मी मागच्या टेबलावर कप मांडत असायचे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला राहत होतो. नवरा प्रिन्स्टन जंक्शनहून ट्रेन पकडून रोज न्यूयॉर्कला जायचा. मी जवळच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला होते. मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा यंत्रावर अतिशय पातळ कापायचा, काचपट्टीवर घ्यायचा आणि रंगवायचा, एवढंच माझं काम. कापताना हात हलता कामा नये. माझ्या शेजारच्या यंत्रावर हेच काम करणारी एक तैवानी बाई होती. ती माझ्याच वयाची. तिचं घर माझ्या वाटेवर होतं, म्हणून आम्ही आळीपाळीने एकमेकींच्या गाडीतून कामावर जायला लागलो. दोघींचं इंग्रजी सारखंच अडखळतं होतं, त्यामुळे लाज वाटायची नाही.

तिचे सासरे त्याच सुमारास तैवानहून आले. सासूबाई वारल्या होत्या आणि थोरल्या मुलाने, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याने, वडिलांना इकडे आणलं होतं. येताना त्यांनी दोन पेट्या आणल्या. एकीत कपडे आणि दुसरीत वाद्यं. तैवानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका जुन्या बंदराच्या गावात ते नानक्वान वाजवत. नानक्वान म्हणजे चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून समुद्र ओलांडून आलेलं फार जुनं संगीत. किती जुनं, असं मी मैत्रिणीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हजार वर्षं म्हणतात. मोजायला कोण गेलंय."

रविवारी माझ्या मुलाचा मराठीचा वर्ग असायचा. मंडळाने एका शाळेच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. शाळा मैत्रिणीच्या घराजवळ होती, म्हणून त्याला सोडलं की परत घरी न जाता मी तिच्याकडे बसायचे. त्याच वेळी तिच्या बेसमेंटमध्ये सासऱ्यांची मंडळी जमायची. सासऱ्यांच्या हातात पीपा, म्हणजे चार तारांचं, फुगीर पोटाचं वाद्य, मांडीवर आडवं धरलेलं. ट्रेंटनच्या एका चिनी हॉटेलातला आचारी बांबूची उभी बासरी वाजवायचा. लाँड्रीवाले एक गृहस्थ तीन तारांचं वाद्य घेऊन बसायचे आणि मैत्रिणीचा नवरा दोन तारांवर गज फिरवायचा. तो फारसा बरा वाजवत नसावा, कारण वडील मधूनमधून डोळे मिटून घेत. सगळे म्हाताऱ्यांना 'सिनसे' म्हणत. म्हणजे मास्तर. मीही मनात त्यांना मास्तरच म्हणू लागले.

मध्ये बसायची ती माझी मैत्रीण. ती गायची. गाणाऱ्याच्या हातात पाच लाकडी पट्ट्या असतात, एका टोकाला दोरीने ओवलेल्या. दोन्ही हातांनी त्या उघडायच्या आणि ठरलेल्या जागी मिटायच्या. आपल्या चिपळ्यांची दूरची बहीण म्हणता येईल. गाणं इतकं सावकाश चालायचं की एकेका शब्दात माझा अर्धा स्वेटर विणून व्हायचा. मैत्रीण गाताना चेहरा अगदी कोरा ठेवायची. प्रयोगशाळेत काप कापतानाही तिचा चेहरा तसाच असायचा.

दुसऱ्या वर्षीच्या वसंतात तिची आई आजारी पडली आणि ती तैवानला गेली. पहिल्या रविवारी मी सवयीने तिच्याकडे गेले. बेसमेंटमध्ये चौघे जण आपापल्या जागी बसले होते आणि मधली खुर्ची रिकामी होती. मी कोपऱ्यात विणकाम काढलं. मास्तर माझ्याकडे बघून आचाऱ्याला काहीतरी म्हणाले.

आचारी इंग्रजीत म्हणाला, "ते म्हणतात, तुम्ही मध्ये बसा. पट्ट्या धरा."

"मला गाण्यातलं काही कळत नाही," मी म्हटलं.

त्याने ते सांगितलं. मास्तरांनी मान हलवली आणि पुन्हा काही बोलले.

"ते म्हणतात, तुम्ही एवढे महिने इथे बसताय, एकदाही पाय हलवला नाहीत. ते पुरे आहे."

मी बसले. नाही म्हणायला काही कारण सापडेना.

मैत्रीण नव्हती तोवर गाणी बंद होती, नुसतं वादनच व्हायचं. काम दिसायला सोपं होतं. आठ मात्रा जायच्या, त्यातल्या सात गप्प, आणि एकीवर पट्ट्या मिटायच्या. पण त्या मात्रा एकसारख्या नसत. बासरीवाल्याचा श्वास लांबला की मात्रा लांबायची, आणि कुणी घड्याळाकडे बघितल्यासारखं मोजलं तर चुकणार हे नक्की. मी पहिल्यांदा बोटांच्या पेरांवर मोजायला लागले, आपल्याकडे जप करतात तसं. मास्तरांनी माझ्या अंगठ्याकडे बघितलं. मग मी पायाचं बोट चपलेत हलवून मोजायला लागले. त्यांनी चपलेकडे बघितलं. ते बोलत काहीच नसत. शेवटी मी मोजणं सोडून दिलं आणि त्यांच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. उन्हाळ्यापर्यंत चुका कमी झाल्या. आनंद झाला असं म्हणणार नाही, पण तिथून उठल्यावर गाडी चालवताना मला घाई नसायची, एवढं माझ्या लक्षात आलं होतं.

नवऱ्याला हे कळलं तेव्हा त्याने ते आठवडाभर फोनवरून सगळ्यांना सांगितलं. मग एका रविवारी टेपरेकॉर्डर घेऊन तो स्वतः आला. तो मनापासून ऐकायला बसला होता, हे मला दिसत होतं. घरी येताना म्हणाला, "विलंबित म्हणजे काय ते मला माहिताय यार, पण हे फारच आहे. आणि तरी तू सम चुकत नव्हतीस."

"त्यांच्यात सम म्हणतात की नाही, माहीत नाही."

"काहीही म्हणू देत. ती येत होती."

मागच्या सीटवरून मुलगा म्हणाला, "कॅन वी गेट पिझ्झा?" आणि विषय तिथेच संपला.

उन्हाळ्याच्या शेवटी मैत्रीण परत आली. आई गेली होती. मग एका सकाळी कामावर जाताना सिग्नलला गाडी थांबली असताना तिने विचारलं, "तू अजून पट्ट्या धरतेस ना?"

"तू आलीस, आता तू घे."

"नको. मी त्यांच्यासमोर गाणार नाही."

मग तिनेच हळूहळू कारण सांगितलं. तिच्या आईला लहानपणी गरिबीमुळे एका घरी देऊन टाकलं होतं. त्या घरात मुलींना नानक्वान शिकवायचे, व्यापाऱ्यांच्या जेवणावळीत गाण्यासाठी. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण शेकडो गाणी पाठ होती. पुढे एका कापडदुकानदाराने तिच्याशी लग्न केलं आणि बाहेरचं गाणं सुटलं. मुलीला तिने दारं-खिडक्या लावून घरातच शिकवलं. त्याच गावात चांगल्या घरच्या पुरुषांची नानक्वानची सभा होती. मास्तर त्या सभेतले. सभेत असल्या बायकांना जागा नव्हती. मैत्रिणीचं लग्न ठरलं तेव्हा मास्तरांची एकच अट होती, आईचा हा भूतकाळ कुणी काढायचा नाही.

"आणि इथे आल्यावर त्यांना गाणारं कुणी मिळेना," ती म्हणाली, "तेव्हा त्यांनी मला खाली बोलावलं. मी जे गाते ते कुणाकडून आलं ते त्यांना माहीत आहे. एकदाही बोलले नाहीत."

हे समजायला मला काही अवघड गेलं नाही. मिरजेत आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई राहायच्या. मोठमोठ्या घरची मुलं त्यांच्याकडे शिकायला जायची, पण हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलवायचं नाही. माझी आईही बोलवायची नाही. ते मी मैत्रिणीला सांगितलं. तिने मान डोलावली. तोवर प्रयोगशाळा आली होती.

नानक्वानवाले वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, आपल्या देवाची पूजा करतात. पूजेनंतर सभेतल्या दिवंगत गुरूंची नावं मोठ्याने घेतात, मग वादन होतं. शरदातली पूजा जवळ आली तेव्हा मैत्रिणीने जेवायला बसल्यावर सासऱ्यांना सांगितलं, "या वेळी माझ्या आईचं नाव घ्या." मास्तरांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि ते आपल्या खोलीत गेले. हे तिने मला दुसऱ्या दिवशी गाडीत सांगितलं.

पूजेच्या दिवशी बेसमेंटमध्ये देवाचं चित्र लावलं होतं. समोर संत्री, अननस, उकडलेली कोंबडी, उदबत्त्या. सगळा स्वयंपाक मैत्रिणीनेच केला होता. मास्तर उभे राहून नावं घेऊ लागले. कागद नव्हता, सगळी पाठ होती. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण जिन्यात उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे बघून कळत होतं. शेवटचं नाव झालं. मास्तर खाली बसले. ती वर निघून गेली.

त्यांच्याकडे बैठकीचा क्रम ठरलेला असतो. आधी वादन, मग गाणी, शेवटी पुन्हा वादन. पहिलं वादन झालं. आता गायचं कुणी? सगळे थांबले. मैत्रिणीचा नवरा जिन्याकडे बघत होता. मास्तरांनी पीपा उचलला आणि गाण्याची चाल तशीच, आवाजाशिवाय, वाजवायला सुरुवात केली. क्षणभराने बाकीचे त्यांच्या मागे गेले. मी आठव्या मात्रेवर पट्ट्या मिटत होते. वर स्वयंपाकघरातला पंखा चालू होता, भांडी घासल्याचा आवाज येत होता. त्या दिवशी सगळी गाणी अशीच झाली, शब्दांवाचून. जेवताना आचारी मला वाढत हळूच म्हणाला, "चांगलं नाही हे." कशाबद्दल म्हणाला ते मी विचारलं नाही.

तो हिवाळा तसाच गेला. सून आणि सासरे एकमेकांशी मीठ, औषधं, फोनचे निरोप एवढ्यापुरतं बोलत. त्याहून जास्त ते आधी तरी कुठे बोलत होते, असं मैत्रीण म्हणायची. रविवारी मी जायचे, मधल्या खुर्चीत बसायचे, परत यायचे. गाण्यांच्या जागी मास्तर चाल वाजवायचे. एकदा बर्फामुळे मराठीचा वर्ग कॅन्सल झाला, तरी मी गेले. नवरा म्हणाला, "वर्ग नाहीये आज." मी म्हटलं, "माहीत आहे."

वसंतातल्या पूजेला पुन्हा तेच चित्र, तीच फळं. मास्तर नावं घेऊ लागले. मैत्रीण जिन्यात होतीच. नावं संपली असं मला वाटलं, कारण ते थांबले. मग त्यांनी घसा साफ केला आणि आणखी दोन नावं घेतली. पहिल्या नावाला त्यांच्या मुलाने मान खाली घातली. ते त्याच्या आईचं असणार. दुसऱ्याला लाँड्रीवाल्यांनी चमकून जिन्याकडे बघितलं.

मी आचाऱ्याकडे बघितलं. त्याने बासरी मांडीवर ठेवली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "तिच्या आईचं नाव घेतलं त्यांनी. पण गुरू म्हणून नाही. ते म्हणाले... इंग्रजीत शब्द नाही. मुलाच्या बायकोची आई. आमच्यात त्याला एक शब्द आहे."

"आमच्यातही आहे," मी म्हटलं.

विहीण. हजार वर्षांच्या त्या संगीताच्या यादीत मास्तरांनी तिला आपल्या बायकोच्या शेजारी, नातेवाईक म्हणून बसवलं होतं. गायिका म्हणून नाही. ते काय करत होते ते कळण्याइतकी मी देशस्थ घरात वाढलेली होते. घरात घेतलं, पण मागच्या दाराने.

पहिलं वादन झाल्यावर मैत्रीण खाली आली. तिने माझ्यासमोर दोन्ही हात पुढे केले. मी उठले आणि पट्ट्या तिच्या हातात दिल्या. तिने कुणाला काही न विचारता गायला सुरुवात केली. मास्तरांना ते गाणं अपेक्षित नसावं. पहिल्या काही स्वरांना पीपा गप्प होता. मग त्यांची बोटं चालू झाली. ते गाणं त्यांना येत होतं.

मला ते आवडलं का, हे सांगता येणार नाही. फक्त एवढं आठवतं की मी भिंतीला टेकून उभी होते, माझे हात रिकामे होते, आणि तिच्या प्रत्येक टाळीच्या वेळी ते आपोआप जवळ येत होते. गाणं संपल्यावर तिने पट्ट्या मला परत दिल्या, एप्रनला हात पुसले आणि वर जाऊन भात लावला.

सोमवारी गाडीत ती म्हणाली, "अर्धं झालं."

"आणि उरलेलं?"

"उरलेलं ते म्हणणार नाहीत. मी ओळखते त्यांना."

त्यानंतर ती त्या बेसमेंटमध्ये गायली नाही. मास्तरांनीही तिला सांगितलं नाही. दोघांमधलं बोलणं मात्र थोडं वाढलं. संध्याकाळी ती त्यांना घेऊन तलावाभोवती चक्कर मारायला जाऊ लागली. पुढे आचाऱ्याने ट्रेंटनचं हॉटेल सोडलं आणि तो कॅलिफोर्नियाला गेला. बासरीशिवाय बैठक होईना. काही महिने मास्तर एकटेच वाजवायचे आणि मी टाळी द्यायचे. मग त्यांना थंडी सोसेना, आणि धाकट्या मुलाने त्यांना टेक्ससला, अर्विंगला नेलं. निघायच्या दिवशी ते माझ्यासमोर थोडं वाकले. मीही वाकले, आणि मग राहवेना म्हणून नमस्कार केला. आमची ओळख सगळी मिळून अशीच होती, त्यात एकमेकांच्या भाषेतलं एकही वाक्य नव्हतं. पुढच्याच वर्षी नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही न्यू जर्सीतच, पार्सिपनीला आलो. मैत्रिणीशी फोन चालू राहिले.

दशक संपत आलं होतं तेव्हा नवऱ्याची डॅलसला कॉन्फरन्स होती. मीही गेले. अर्विंगमध्ये त्याच्या एका मित्राकडे आम्ही उतरलो होतो. तिथे आल्यावर मी मास्तरांच्या धाकट्या मुलाला फोन केला आणि एका दुपारी त्यांना भेटायला गेले.

मास्तर फार वाळले होते. पुढचे दात गेले होते आणि एका कानाने ऐकू येत नव्हतं. पीपा कपाटावर, पेटीत बंद होता. मुलाने चहा आणला आणि आमच्या मध्ये बसून तो भाषांतर करू लागला. माझ्या मुलाची चौकशी झाली, हवेची झाली. मग मास्तरांनी विचारलं, "थोरली सून गाते का?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "गाडीत कधी कधी गुणगुणायची."

त्यांनी कप खाली ठेवला आणि ते बोलू लागले. बोलणं लांबलं. मुलगा भाषांतर करायचं विसरून ऐकत होता. त्याने त्यांना दोनदा काहीतरी परत विचारलं आणि मगच माझ्याकडे वळला.

"बाबा म्हणतात, ते अठरा-एकोणीस वर्षांचे असताना एका व्यापाऱ्याच्या घरी जेवण होतं. आजोबांनी तिकडे फिरकायचं नाही म्हणून बजावलं होतं. ते मागच्या बोळात भिंतीला टेकून उभे राहिले. आत वहिनीची आई गात होती." तो थांबला. "ते म्हणतात, तिच्यासारखं त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. सभेतल्या त्यांच्या गुरूंचंही नाही. मला हे आजच कळतंय."

मी म्हटलं, "त्यांना विचारा, हे त्यांनी सुनेला का सांगितलं नाही."

त्याने विचारलं. मास्तरांनी माझ्याकडे बघून एकच वाक्य उत्तर दिलं.

"म्हणतात, मी सासरा आहे."

चहा संपवून मी उठले. ते दारापर्यंत आले. त्यांच्या मुलाने विचारलं, पीपा काढू का, दोघं काही वाजवणार का. मास्तरांनी हात हलवून नको म्हटलं. बोटं चालत नव्हती.

पार्सिपनीला परत आल्यावर मी मैत्रिणीला फोन केला आणि जसं ऐकलं तसं सगळं सांगितलं. 

ती म्हणाली, "हे त्यांनी मला सांगायला हवं होतं."

"मीही तेच विचारलं. म्हणाले, मी सासरा आहे."

ती थोडीशी हसली. तिच्या हसण्यात राग होता की नाही, फोनवर कळलं नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "दात गेले म्हणालीस ना? मग मऊ भात लागत असेल त्यांना. माझी धाकटी जाऊ मोकळा शिजवते."

"मग फोन करून सांग तिला."

"तिला सांगून उपयोग नाही. त्यांनाच सांगायला हवं, मागून घ्या म्हणून."

"मग त्यांना सांग."

"बघते," ती म्हणाली, आणि तिच्या नव्या बॉसबद्दल बोलायला लागली. तिने अर्विंगला फोन केला की नाही, मी नंतर कधी विचारलं नाही.